हेदू की कळंब

पाळणा ओसरीवर सतरंजी टाकून ठेवला होता आणि सकाळपासून त्याला कोणी हात लावला नव्हता. संजनाच्या वडिलांनी, सहादूंनी, तो स्वतः बनवून कळवणहून टेम्पोत घालून आणला होता. रविवारी संजनाच्या बाळाचं बारसं. आणि आज, शुक्रवारी सकाळी, संजनाच्या म्हाताऱ्या चुलतसासऱ्यांनी, चिमाजींनी, पाळण्याच्या दांडीला नख लावून सांगितलं होतं, हा कळंब आहे.

कळंब या घराचं देवक. लग्नात त्याची डहाळी पुजायची. ते झाड तोडायचं नाही, जाळायचं नाही, त्याच्या लाकडाला पाय लागू द्यायचा नाही. मखमलाबादच्या या मळ्यात शेवंती-झेंडू काढता काढता तीन पिढ्या गेल्या, पण बांधावरच्या कळंबाची वाळकी काटकीसुद्धा चुलीत गेली नव्हती. सहादूंचं देवक वेगळं, मोराचं पीस. त्यांना शंका येण्याचं कारणच नव्हतं. स्वतःच्या घरातली जुनी धान्याची पेटी मोडून त्यांनी फळ्या काढल्या, पिवळसर दिसल्या म्हणून हेदूच्या लाकडाच्या समजले आणि जवसाचं तेल लावून चकचकीत केल्या.

हेदू निघाला तर पाळणा टांगायचा, कळंब निघाला तर परत पाठवायचा, असं सासूबाईंनी, गोजराबाईंनी, ठरवून टाकलं होतं. माहेरचा पाळणा बारशाच्या तोंडावर परत गेला तर वडिलांना पुन्हा या ओसरीवर मान वर करून बसता येणार नाही, हे संजनाला दिसत होतं. म्हणून तिने कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्रतिभामॅडमना बोलावलं.

प्रतिभाने आधी पाळणा नुसता बघितला. मग एक बाजू उचलून वजनाचा अंदाज घेतला.

"डॉक्टर बाळाला तपासत्यात तसं चाललंय," गोजराबाई म्हणाल्या. "जीभ दाखव म्हणा त्याला."

"जीभच बघायचीय," प्रतिभा म्हणाली. "तेल न लागलेली जागा हवी."

सहादू तत्परतेने पुढे झाले. दांडीचं कुसू, म्हणजे तासलेलं टोक, ज्या खाचेत बसतं, तिथून त्यांनी ते ठोकून बाहेर काढलं. प्रतिभाने ब्लेडने कुसवाच्या टोकाचा पातळ काप घेतला, ओल्या बोटाने ती जागा पुसली आणि भिंग डोळ्याला लावलं. छिद्रं अगदी बारीक, सगळीकडे सारखी विखुरलेली. वर्षाच्या वाढीची ठळक वलयं नाहीत. म्हणजे साग नाही, शिसव नाही. पण हेदू आणि कळंब दोन्ही असेच दिसतात. एकाच कुळातली झाडं ती. फरक रंगाचा. हेदू आतून हळदीसारखा पिवळा असतो. हा काप फिकट, जरासा गुलाबीकडे झुकलेला होता. वरचा पिवळेपणा तेलाचा होता.

"काय निघालं?" सहादूंनी विचारलं.

"नुसत्या रंगावरून सांगणार नाही. कॉलेजात दोन्ही लाकडांचे नमुने आहेत. शेजारी ठेवून बघते, उद्या सांगते."

"चिमाजी भावजींना बघा नुसतं नख पुरलं," गोजराबाई म्हणाल्या.

"त्यांचं नख मला उसनं मिळालं असतं तर बरं झालं असतं," प्रतिभा म्हणाली, आणि गोजराबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

संजना तिला स्कूटरपर्यंत सोडायला आली. "मॅडम, काहीही निघालं तरी हेदू सांगा. सूक्ष्मदर्शकात कोण बघायला येणार आहे?"

प्रतिभाने हेल्मेटचा पट्टा लावला. मग स्कूटर सुरू केली.

त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत तिने तीन काप शेजारी शेजारी ठेवले. दोनदा पाहिलं, मग काचपट्ट्यांची अदलाबदल करून, कोणती कुठली हे मुद्दाम विसरून तिसऱ्यांदा पाहिलं. पाळण्याचा काप प्रत्येक वेळी कळंबाशीच जुळला.

हेदू आहे असं सांगून टाकणं सोपं होतं. त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं; बाळाला लाकूड कळत नाही. पण देवक गोजराबाईंच्या घराचं होतं, आणि पाळणा त्याच घरात राहणार होता. आपण ज्याला मानत नाही त्याबद्दल खोटं बोलायला आपल्याला इतकं हलकं का वाटतं, हा विचार तिला घरी पोचेपर्यंत सोडत नव्हता.

शनिवारी ओसरीवर सगळे होते. प्रतिभाने उभ्या उभ्याच सांगितलं. "कळंब आहे. चिमाजीबाबांचं बरोबर होतं. वरून तेल लागल्यावर तो हेदूसारखाच दिसतो, कोणीही फसेल."

संजनाने मान फिरवली. सहादू उठले, दांडीची कुसवं एकेक करून काढली आणि पाळण्याच्या कड्यांना सुतळी बांधायला लागले.

"हे काय करताय, व्याही?"

"नेतो परत. मला ठावं असतं तर हात लावला नसता. देवक माझं नसलं तरी देवकच हाय ते."

गोजराबाईंनी पुढे होऊन सुतळीचं टोक धरलं.

"सोडा ती सुतळी," त्या म्हणाल्या. "परत पाठवीन असं मी म्हणले व्हते खरं. तवा ते लाकूड हाय का देव, तेच ठरलं नव्हतं. आता ठरलं. दारात आलेला देव टेम्पोत घालून माघारी कसा लावायचा?"

"पण पोरगं..."

"पोरगं नाय निजायचं त्यात. त्याचे पाय लागतील. त्याला माझ्या लुगड्याची झोळी बांधू, त्याचा बाप झोळीतच वाढला. पाळणा देव्हाऱ्याम्होरं टांगा. गोकुळअष्टमीला त्यात बाळकृष्ण निजवू. आजवर पितळी ताटात निजवतोय बिचाऱ्याला."

सहादूंनी सुतळी सोडली. मग मान वर करून आढ्याची कडी शोधू लागले.

"मॅडम, चहा," संजना म्हणाली. कप पुढे केला, पण नजर मिळवली नाही.

"बाई," गोजराबाईंनी विचारलं, "रोज हळदकुंकू वाहिलं तर लाकूड खराब नाय व्हणार?"

"कोरडं वाहा," प्रतिभा म्हणाली. "पाणी लागू देऊ नका. ओल राहिली की याला बुरशी धरते, डाग पडतात."

"ऐकलं का, संजना? पाणी नाय लावायचं. तुझ्या आप्पांनी केलाय, नासायला नको."

संजनाने मान हलवली आणि स्टूल आणायला आत गेली.