आभाळाच्या लेकीची वाटणी

मी एक जुनी हवाई छत्री आहे, मित्रांनो. शंभरी ओलांडून मला बरीच वर्षं झाली. नावात छत्री असली तरी पावसात मला कुणी कधी उघडलं नाही आणि माझा दांडा कुणी कधी धरला नाही, कारण मला दांडाच नाही. मी म्हणजे नुसतं पांढरं रेशीम आणि दोऱ्या. यंदाच्या उन्हाळ्यात, शहाडच्या एका चाळीत, मला मधोमध कापून दोन भावांत वाटायचं ठरलं होतं. त्या दिवसाची गोष्ट मला तुम्हांला सांगायची आहे. पण कात्री लावण्याआधी कापड कुठलं, कसलं, हे तर विचारायला हवं ना?

माझा जन्म विलायतेतला. पहिलं महायुद्ध तेव्हा भरात होतं. मला पेटाऱ्यात घालून बोटीने बसऱ्याला पाठवलं. तिथून पुढे, टायग्रिस नदीच्या काठी, वाळूत, आमचा तळ होता. तळावर एक फुगा होता. तुमच्या वाढदिवसाचा नव्हे, चांगला दहा-बारा हत्तींएवढा. पोटात हलका वायू भरला की तो वर जायचा आणि खाली गाडीवरच्या रहाटाला त्याचा तारेचा दोर बांधलेला असायचा. फुग्याखाली एक वेताची टोपली. टोपलीत दुर्बीण आणि टेलिफोन घेऊन एक साहेब बसायचा. शत्रूच्या तोफा कुठे दडल्यात ते वरून हेरायचा आणि खाली कळवायचा.

आणि मी कुठे? मी टोपलीच्या बाहेर लटकलेली. उलट्या नरसाळ्यासारखी एक पिशवी होती, तिच्यात मला घडी घालून कोंबलेलं असायचं. माझ्या दोऱ्यांचं टोक साहेबाच्या अंगावरच्या पट्ट्यांना बांधलेलं. त्याने उडी मारली की त्याच्याच वजनाने मी पिशवीतून बाहेर ओढली जायची. बाकी मग वाऱ्याची मर्जी.

फुग्यातला वायू ठिणगी पडली तरी भडकायचा. म्हणून टोपलीतल्या माणसांना आम्ही छत्र्या मिळालो होतो. पण विमानं उडवणारी पोरं होती ना, त्यांना छत्री नव्हती. छत्री दिली तर लढाई सोडून उडी मारतील, असं वरच्यांना वाटायचं म्हणे. लढाई संपत आली तेव्हा समोरच्या बाजूच्या काही वैमानिकांना छत्र्या मिळाल्या, असं आमच्या कानावर आलं. पण त्याआधी एक विमान जळत खाली येताना मी पाहिलं होतं. पिशवीत बसून पाहण्याखेरीज मी काय करणार? आजही ते आठवलं की माझं रेशीम गार पडतं.

माझ्या वाट्याला उडी आली ती एकदाच. शत्रूचं विमान आलं. खालची माणसं रहाट फिरवून फुगा उतरवू लागली, पण फुग्याने पेट घेतला. साहेबाने डोळे मिटले आणि उडी मारली. मी सर्रकन बाहेर आले, क्षणभर चोळामोळा होऊन फडफडले आणि मग... मग मी उघडले! काय सांगू तुम्हांला! कळी उमलताना तिला काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

पण जमिनीला टेकलं म्हणजे सुटलं असं नसतं. वारा माझ्यात भरलेलाच होता. मी साहेबाला दगडधोंड्यांतून फरफटत नदीकडे नेऊ लागले. मला थांबायचं होतं, पण वाऱ्यापुढे माझं काही चालेना. तेवढ्यात फुग्याचे दोर धरणाऱ्या टोळीतला एक काळासावळा, काटक माणूस धावत आला आणि मुलं पाण्यात उडी टाकतात तशी त्याने माझ्यावरच उडी टाकली. त्याच्या अंगाखाली माझ्यातला वारा फुस्सकन निघून गेला. साहेब वाचला. मी मात्र जागोजागी फाटले होते, आता आकाशाच्या कामाची राहिले नव्हते. साहेबाने विचारलं, काय हवं तुला? त्या माणसाने माझ्याकडे बोट दाखवलं.

त्याचं नाव धाकू. उल्हास नदीकाठचा, शहाडजवळच्या महारवाड्यातला.

धाकूने मला पोटाशी बांधून घरी आणलं. त्याची बायको गोदूबाई. तिने मला मांडीवर घेतलं, एकेक फाट हळुवार शिवली. दुसऱ्या दिवशी जात्यावर बसली आणि गाऊ लागली,

*दर्यापल्याड गेला राजा, काय आणिलं सांगू बाई*
*आभाळाची लेक आणिली, तिला माहेर उरलं नाही*

त्या दिवसापासून वाड्यात माझं नाव आभाळाची लेक.

गावच्या पाटलांनी निरोप धाडला, देवळात उत्सव आहे, छत घालायला ते कापड पाठवून दे. धाकूने डोक्याचं मुंडासं काढलं, अदबीनेच म्हणाला, "कापड देवळात जाईल, आन मी भाईर उभा ऱ्हाईन? त्यापरीस आमी दोगंबी भाईरच बरं." त्याबद्दल त्याला पुष्कळ सोसावं लागलं. पण त्याने मला दिलं नाही.

मग वाड्यातल्या लग्नांत माझा मांडव होऊ लागला. पहिल्या लग्नाची तर गंमतच झाली. माझ्या माथ्यावर एक गोल भोक आहे. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, वारा तिथून निघून गेला की छत्री हेलकावे खात नाही. गोदूबाईला हे काय ठाऊक! एवढं सुरेख कापड आणि मधोमध भोक, तिला ते बघवेना. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने त्यावर नीटस ठिगळ लावलं. लग्नात नदीवरून वारा सुटला, माझ्यात भरला आणि मी चारी खांब उपटून निघाले की वर! नवरदेव ओरडला, "धाकूकाका, मांडव चालला!" म्हातारी माणसं दोऱ्यांना लोंबकळली. धाकू पोट धरून हसत होता. "अगं, लेकीचं नाक शिवलंस तू! दम कसा घेईल ती?"

ठिगळ उसवलं. तेव्हापासून माझ्याखाली बसलेल्या प्रत्येक जोडप्यावर माथ्यातून उन्हाचा एक गोल कवडसा पडायचा. बाया म्हणायच्या, आभाळाने नातं सोडलेलं नाही.

धाकू गेला, गोदूबाई गेली. वाड्याने बुद्धाची वाट धरली. आता लग्नात पांढरी वस्त्रं आली, आणि पांढरी तर मी जन्माचीच. त्रिसरण म्हणताना सगळ्यांचे आवाज माझ्या पोटाला येऊन लागायचे, मी हलकीशी थरथरायची. धाकूचा नातू शिवराम कारखान्यात लागला आणि चाळीत राहायला आला. त्याचं आणि भीमाबाईचं लग्नही माझ्याखालीच लागलं. तिचा हिरवा चुडा, त्याची घामेजलेली कॉलर, अजून डोळ्यांपुढे आहे.

पुढे हॉल आले, मित्रांनो. हॉलला छत असतं, पंखे असतात, फुलांची कमान भाड्याने मिळते. मला कोण विचारणार? भीमाबाईने मला पत्र्याच्या पेटीत ठेवलं. वर गोधड्या, गोधड्यांवर जुनी भांडी. किती वर्षं मी ऊन पाहिलं नाही. रेशमाला अंधाराचं दुःख नसतं, घडीचं असतं. एकाच घडीवर पडून राहिलं की तिथे ते कुजतं.

शिवराम वारला आणि घरातही तशीच एक घडी पडली. त्याचे मुलगे दोन. थोरला रत्नदीप, धाकटा राकेश. बाप गेला त्या दिवशी राकेश डोंबिवलीच्या कंपनीत ड्युटीवर होता. तो पोचेपर्यंत सगळं उरकून माणसं स्मशानातून परतली होती. रस्त्यातच त्याला भेटली. त्या दिवसापासून तो रत्नदीपशी बोलेनासा झाला. सणावारी यायचा, आईच्या पाया पडायचा, जेवायचा, जायचा. भाऊ समोर बसलेला असला तरी म्हणायचा, "आई, त्यांना सांग मीठ इकडे द्यायला."

यंदा चाळ पाडायची ठरली. रत्नदीपला शहाडलाच फ्लॅट, राकेश डोंबिवलीत. भांडी वाटली, गोधड्या वाटल्या. शेवटी पेटीच्या तळाशी मी निघाले.

राकेशची मुलगी मृणाल, हिचं लग्न ठरलेलं. तिने मला उचलून गालाला लावलं. "आजी, मला हीच पाहिजे मांडवाला. हॉल नको."

"घे की," भीमाबाई म्हणाली.

"असं कसं?" रत्नदीप बोलला. "थोरल्याकडे राहते ती. बाबांची आठवण आहे."

"आई, त्यांना सांग," राकेश म्हणाला, "बाबांची आठवण मलापण आहे."

"मीच सांगू व्हय सारखं?" भीमाबाई वैतागली. "पोस्ट हापिस हाय का मी?"

"अर्धी अर्धी करा," रत्नदीप म्हणाला. "विषय संपला."

मृणाल ओरडली, "अहो काका, अर्ध्याचं काय करायचं? पडदे?"

पण दोघांच्या डोक्यात वारा भरला होता. भीमाबाई भिंतीला टेकून बसली. तिने पदर डोळ्यांना लावला. माझ्यासाठी नव्हे, मला कळत होतं. मी कापले गेले तर या दोघांना एका जागी आणणारं तिच्या घरात काही उरणार नव्हतं.

मला चाळीच्या गॅलरीत पसरलं. रत्नदीपने कात्री घेतली. माझ्या काठात दोरी शिवलेली आहे, तिथे कात्री अडखळली, मग कशीबशी आत शिरली. तुटके दात असल्यासारखी ती चावत होती. रत्नदीपने कात्री टाकली. "फाडू या. ओढ तिकडून."

इतक्या वर्षांत त्याने भावाला पहिल्यांदा सरळ सांगितलं होतं. राकेशनेही नकळत काठ धरला. दोघांनी ओढलं. मी किंचाळले, मित्रांनो. टर्रर्र करत फाट धावत निघाली.

"थांब!" राकेश ओरडला.

"आता काय?"

"थांब म्हणतो ना! बाबांच्या वेळी नाय थांबलास, आता तरी थांब!"

शेजारची बाई तांदूळ पाखडता पाखडता हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली.

रत्नदीपचा हात सैल झाला नव्हता. हळूच म्हणाला, "तुझा फोन लागत नव्हता."

"कंपनीत आत नेऊ देत नाहीत फोन. माहीत नव्हतं तुला?"

"होतं रे. सगळं माहीत होतं." त्याने हातातला काठ सोडून दिला. "आई त्यांच्याजवळून उठत नव्हती. पाणीपण घेत नव्हती. सारखी त्यांच्या पायांना हात लावून म्हणायची, पाय गार पडलेत, चादर आण. मला बघवेना. मी म्हटलं, उचला. तू येशील म्हणून मी थांबलो असतो, तर ही गेली असती रे त्यांच्यामागून."

राकेश आईकडे बघत राहिला. ही गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नव्हती. भीमाबाई मान खाली घालून म्हणाली, "मला तरी कुठं आठवतंय काय? चादर तेवढी आठवते."

"मग सांगायचंस ना," राकेश म्हणाला. "एकदा तरी सांगायचंस."

"तू कुठे बोलायचास माझ्याशी? मीठसुद्धा आईकडून मागायचास."

मृणाल खाली वाकून मला बघत होती. "पप्पा, काका, हे बघा. दोघं जीव खाऊन ओढत होता ना? पण फाटलीय फक्त इथपर्यंत."

खरंच होतं. मी अनेक पाकळ्या जोडून केलेली आहे आणि दोन पाकळ्यांमध्ये जाड दुहेरी शिवण आहे. एक पाकळी फाटली तरी फाट शिवणीपाशी अडते, पुढच्या पाकळीत शिरत नाही. मला शिवणाऱ्या बायांनी हा विचार आधीच करून ठेवला होता. कुठेतरी फाटणारच, हे त्यांनी धरलं होतं. तिथेच थांबावी, एवढी व्यवस्था केली होती.

राकेशने शिवणीवरून बोट फिरवलं. मग भावाकडे न बघताच म्हणाला, "दादा, दुसरं टोक धर. जमिनीला लागतंय."

रत्नदीपने धरलं.

मृणालचं लग्न वैशाखात झालं. हॉल नव्हताच. राकेशच्या इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन्ही भावांनी शिडीवर चढून मला बांधलं, दिवसभर एकमेकांवर ओरडत. "ढिली सोड रे!" "अरे, किती ढिली?" "कळत नाय तर खाली उतर!" फाटलेल्या पाकळीत भीमाबाईने आपल्या निळ्या लुगड्याचा तुकडा लावला होता. तिचे टाके वाकडे पडलेत. मृणाल म्हणाली, "आजी, मशीनवर मारू का?" तर म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. वाकडं हाय, पण घट्ट हाय."

तर मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं काही असेल. पेटीत, माळ्यावर, गोधड्यांखाली. त्याला अधूनमधून उन्हात आणा, घडी बदला, आणि ते कुठून आलं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. फाटलं असेल तर शिवा. वाकडं शिवलंत तरी चालेल. आणि न बोलता साठवून ठेवलेलं काही असेल, तर तेही उलगडा. फार काळ एका घडीवर ठेवू नका.

आता मी भीमाबाईजवळ, रत्नदीपच्या फ्लॅटमध्ये असते. मला वाळवायला काढायचं म्हणजे एकट्याचं काम नाही. एवढा पसारा एका माणसाच्या हातांत मावत नाही, समोरून दुसऱ्याने धरावंच लागतं. काल रत्नदीपने पेटी उघडली, मला हात लावून पाहिलं आणि खिडकीशी जाऊन फोन लावला.

"राकेश, रविवारी सुट्टी आहे ना? ये मग. हिला ऊन दाखवायचंय... हो रे, मटण आहे. पण आधी घडी."