काचेचं झाकण

घड्याळजींची लेक परगावी नर्सिंग शिकायला गेली तेव्हा दोन गोष्टी घरी ठेवून गेली: थंडीचे कपडे आणि एक कासव.

कासव जमिनीवरचं, आठ महिन्यांचं, काडेपेटीपेक्षा जरासं मोठं. नाव बटण. वसतिगृहात प्राणी चालत नव्हते. "बाबा, तुम्ही एवढीशी चक्रं सांभाळता, हे तर त्याहून मोठंच आहे," असं म्हणून तिने ते पेटीसकट बापाच्या हवाली केलं. सोबत एक दिवा दिला. तो तिला कासव विकणाऱ्यानेच दिला होता.

घड्याळजींचं दुकान खाली आणि घर वर होतं. कामाला ते पक्के होते. बंद पडलेल्या घड्याळाला काही ना काही कारण असतंच, ते सापडेपर्यंत उठायचं नाही, असा त्यांचा खाक्या. कासव पहिल्या दिवसापासून मलूल दिसलं, तेव्हा त्यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि त्याला प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बटणाच्या पाठीवर हलकेच अंगठा टेकवला. पाठ दबली.

"कवच नखासारखं टणक लागायला हवं. हे पुठ्ठ्यासारखं लागतंय," त्या म्हणाल्या. "हाडं मऊ पडलीत. याला चुना मिळत नाहीये, मिळाला तरी अंगी लागत नाहीये."

त्यांनी कागदावर लिहून दिलं. पाल्यावर कॅल्शियमची पूड, रोज कोमट पाण्यात पाव तास, रोज वजन, आणि ऊन किंवा खास दिवा, दिवसाचे आठ तास. घड्याळजींनी तो कागद पेटीच्या वर भिंतीला चिकटवला. ऊन त्यांनी बाद केलं. घराच्या खिडक्यांत ते येत नव्हतं, आणि गच्चीवर कावळे फार. दिवा होताच.

त्याच आठवड्यात बायकोचा थोरला भाऊ राहायला आला.

मेहुणे पंचावन्नचे, शिडशिडीत, बोलणं मोजकं. वीस वर्षं एका गोदामात भांडारपाल होते. वर्षापूर्वी तिथला माल नाहीसा झाला. चौकशी झाली, हाती काही लागलं नाही, पण मेहुण्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. घड्याळजींनी याबद्दल त्यांना कधी विचारलं नव्हतं. मनात मात्र एक कोपरा त्यांनी उघडा ठेवला होता. काही नव्हतंच तर काढलं कशाला?

दुसऱ्याच दिवशी मेहुणे पेटीपाशी उभे राहून भिंतीवरचा कागद वाचत होते. "भाऊजी, याला जरा ऊन दाखवू का? मी रिकामाच असतो."

"हात नका लावू, दादा," घड्याळजी म्हणाले. "फार नाजूक प्रकरण आहे. ते मी एकटाच बघतो."

"बरं," म्हणून मेहुणे बाजूला झाले.

बायको शाळेत शिकवायला जायची, घड्याळजी खाली दुकानात. दिवसभर वर मेहुणे आणि कासव, दोघंच. सुरुवातीला वजन अठ्ठेचाळीस ग्रॅम होतं. पाच-सहा आठवड्यांत ते साठच्या वर गेलं. पाठ घट्ट होऊ लागली, डोळे उघडे राहू लागले. दर रविवारी लेकीचा फोन यायचा आणि घड्याळजी वहीतले आकडे वाचून दाखवायचे. "बघ, शिस्तीत केलं की होतं," असं वर सांगायचे.

मग एका सकाळी आंघोळ घालताना त्यांना बटणाच्या पोटाखाली वाळूचा एक कण दिसला. तांबूस होता. पेटीत माती होती ती काळी.

त्यांनी कामाचं भिंग डोळ्याला लावलं. अजून दोन कण होते, पायाच्या बेचक्यात. एका नखात हिरवा धागा अडकला होता, पानाचा देठ असावा. तसला पाला त्यांनी कधी आणला नव्हता.

जेवताना त्यांनी सहज आवाजात विचारलं, "दादा, बटणाला काढलं होतं का बाहेर?"

"मी? नाही बुवा." मेहुणे ताटातच बघत होते. "दुपारी डोळा लागतो माझा."

खरं बोलणारा माणूस असा ताटात बघत नाही, असं घड्याळजींना वाटलं.

तेव्हापासून त्यांचं लक्ष कामावरून उडालं. गिऱ्हाईक समोर बोलत असायचं आणि यांचे कान वरच्या पावलांकडे. साडेअकराला पावलं वाजायची, जिन्याचं दार करकरायचं, मग तासभर सामसूम. डोळा लागलेला माणूस जिना कशाला चढेल? पेटीवर तारेची जाळी असायची. एके दिवशी तिच्या एका कडेवर त्यांनी घड्याळातल्या स्प्रिंगचा केसाएवढा तुकडा ठेवला. संध्याकाळी तो जमिनीवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बासष्ट भरलेलं वजन संध्याकाळी पुन्हा केलं. अठ्ठावन्न.

"चार ग्रॅम गेले कुठे?" त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. "एवढ्याशा जिवाचे चार ग्रॅम!"

"कासवाने शी केली असेल," बायको म्हणाली.

"पेटीत काही नाही. मी माती चाळून बघितली."

बायकोने हातातला डाव खाली ठेवला. "माती चाळलीत? अहो, तुम्हाला काय म्हणायचंय ते एकदा सरळ म्हणा."

"तुझा दादा त्याला कुठेतरी नेतो. काहीतरी चारतो. आणि विचारलं की नाही म्हणतो."

"आणि कशासाठी करेल तो असं?"

ते घड्याळजींना सांगता येईना. कारणं त्यांनी शोधली होती, बरीच शोधली होती. मेहुण्यांनी कासवाला गिऱ्हाईक बघितलं असेल. नाहीतर चिडून करत असतील, रिकाम्या माणसाचं डोकं काय सांगावं. एकही कारण मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून ते एवढंच म्हणाले, "गोदामातही कोणाला कळलं नव्हतं, कशासाठी ते."

बायकोची नजर दाराकडे गेली. मेहुणे दाराच्या पलीकडे पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी किती ऐकलं ते दोघांनाही समजलं नाही. तांब्या भरून घेऊन ते परत गेले.

दुसऱ्या दिवशी घड्याळजींनी काचवाल्याकडून पेटीच्या मापाची जाड काच कापून आणली. पेटीच्या बाजूंना हवेसाठी भोकं पाडली, काचेला बिजागरी लावली आणि कडीला दागिन्यांच्या पेटीचं असतं तसं लहानसं कुलूप. दिवा काचेच्या वर टांगला. उजेड आत लख्ख पडत होता. किल्ली त्यांनी कामाच्या कोटाच्या खिशात टाकली.

साडेअकराला नेहमीची पावलं वाजली. पेटीपर्यंत गेली आणि थांबली. घड्याळजी खाली चिमटा हातात धरून छताकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने पावलं परत फिरली. जिन्याचं दार त्या दिवशी वाजलं नाही.

मेहुण्यांनी कुलपाबद्दल अवाक्षर काढलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ते बॅग घेऊन खाली दुकानात आले. "एक खोली मिळाली आहे. सायकलच्या दुकानाच्या वर. त्यांना हिशोब ठेवायला माणूस हवा होता."

"अहो, असं अचानक?" घड्याळजी म्हणाले. पण ते खुर्चीवरून उठले नाहीत.

"बरंय, भाऊजी." मेहुणे दारापर्यंत गेले आणि वळले. "त्याची पाठ डाव्या बाजूने अजून मऊ आहे. तिथे जपा."

ते गेल्यावर घड्याळजींना अगदी हलकं वाटलं, आणि लगेच दुसरा विचार आला: हात लावला नाही म्हणणाऱ्याला डावी बाजू कशी माहीत? चोर सापडल्याचं समाधान त्यांना दोन दिवस पुरलं. बायको कामापुरतं बोलत होती. तिच्याकडेही ते बघायचे, हिला आधीपासून ठाऊक असेल का, म्हणून.

आता पेटीला कोणी हात लावत नव्हतं. पूड, आंघोळ, दिवा, सगळं वेळच्या वेळी चाललं होतं. तरी वजन बासष्टवर अडकलं, मग साठवर आलं. पंधरा दिवसांनी बटण पालाही तोंडात धरेना. तिसऱ्या आठवड्यात ते चालताना पोट उचलेनासं झालं. मागचे पाय फरफटत यायचे. घड्याळजींनी पाठीला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. पाठ पहिल्यासारखीच दबत होती.

लेकीला फोनवर त्यांनी खोटं सांगितलं. "ठीक आहे, जरा सुस्त आहे." फोन ठेवल्यावर त्यांनी काचेची कडी तपासली. बिजागरी तपासली. त्यांच्या पाठीमागे कोणी दुसरी किल्ली केली असेल का, असाही विचार त्यांना शिवून गेला.

दवाखान्यात त्यांनी कासव, वही आणि दिवा, तिन्ही टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावला आणि खणातून एक लहानसं यंत्र काढून त्याच्याखाली धरलं. काटा हलला नाही. त्यांनी ते खिडकीतून बाहेर काढून उन्हात धरलं, तेव्हा काटा उसळला.

"हा दिवा संपलाय," त्या म्हणाल्या.

"संपलाय? अहो, लख्ख जळतोय की."

"उजेड राहतो. हाडांना लागतात ते किरण संपतात. हा तुम्ही आणलात तेव्हाच संपलेला असणार." त्यांनी वही उघडली. "पेटीवर झाकण कसलं आहे?"

"काचेचं. नुकतंच केलंय."

"काचेतून ते किरण जातच नाहीत. नवा दिवा असता तरी वाया गेला असता." त्यांचं बोट आकड्यांवरून खाली सरकत होतं. मग थांबलं. "मग इथे हे सहा आठवडे कसं काय वाढलं? याला रोज ऊन देत होतात ना?"

"नाही," घड्याळजी म्हणाले.

"देत असणार. त्याशिवाय हे शक्य नाही. दुपारच्या सुमारास, तासभर तरी."

साडेअकराची पावलं. जिन्याचं दार. गच्चीवर फुलझाडांच्या कुंड्या होत्या, तांबड्या मातीच्या. कुंड्यांत पिवळ्या फुलांचं तण माजलं होतं. घड्याळजींनी वही मिटून खिशात घातली.

बटणाला खोक्यात घेऊन ते तडक सायकलच्या दुकानावर गेले. मेहुणे वरच्या खोलीत खुर्चीवर बसून वहीत आकडे मांडत होते. खोलीला लागून सपाट गच्ची होती, ऊन खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

मेहुण्यांनी आधी खोक्यात पाहिलं. घड्याळजींकडे पाहिलंच नाही. त्यांनी बटणाला तळव्यावर घेतलं, अंगठ्याने डावी बाजू चाचपली आणि "अरे, अरे," एवढंच म्हणाले. मग उन्हात जाऊन खाली बसले आणि कासवाला समोर ठेवलं. पक्ष्यांवर नजर राहावी म्हणून स्वतःचं तोंड आभाळाकडे.

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत?" घड्याळजींनी विचारलं. आवाज चढला तसा त्यांनीच तो खाली आणला. "मी विचारलं होतं, दादा."

"विचारलंत ना." मेहुणे शांत होते. "गोदामातही विचारलं होतं. त्या दिवशी किल्ली तुमच्याकडे होती का? होती. मी खरं सांगितलं. पुढचं सगळं त्या एका 'होती'वर लटकवलं त्यांनी. तेव्हापासून कोणी अशा आवाजात विचारलं की माझ्या तोंडून आधी 'नाही' निघतं. चुकलंच माझं. गच्चीवर गेलं की हा पठ्ठ्या सगळ्यात आधी शी करायचा, तेही सांगून टाकायला हवं होतं."

घड्याळजींना हसू आलं नाही. "माझं चुकलं. जास्त माझं. घरी चला, दादा. ती नीट बोलत नाहीये माझ्याशी."

"घरी नको." मेहुण्यांनी सावलीकडे निघालेल्या कासवाला पुन्हा उन्हात वळवलं. "राग नाही, भाऊजी. पण तुमच्या घरात मी पाणी प्यायला उठलो तरी तुमचे कान टवकारणार, आणि मला ते कळणार. याला रोज सकाळी इथे आणून सोडा. संध्याकाळी न्या."

घड्याळजींनी घरी जाऊन काच काढली. नवा दिवा आणला, जाळी परत बसवली. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मीही परत आले नसते." पण दुसऱ्या दिवशी खोक्यात पाला तिनेच भरला.

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी घड्याळजी खोकं पोचवू लागले. पहिले दहा दिवस काही फरक पडला नाही. अकराव्या दिवशी बटणाने एक पान अर्धं खाल्लं. महिन्याभराने ते पोट उचलून चालू लागलं. मागचा एक पाय जरा ओढतच राहिला, आणि पाठीवर डावीकडे खळगा राहिला तो राहिलाच. तो आता जाणार नाही, पण जगायला अडचण नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेकीला घड्याळजींनी एका रविवारी खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मामाला फोन द्या." ते तिथे नव्हतेच, म्हणून तिने त्यांचा नंबर मागून घेतला.

एका संध्याकाळी घड्याळजी नेहमीपेक्षा लवकर पोचले. खोलीला कडी होती. गच्चीवर खोकं नव्हतं, कासव नव्हतं. सायकलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "खोकं घेऊन निघाले मघाशी. कुठे ते नाही सांगितलं."

घड्याळजी गल्लीतून भराभर चालू लागले. गेल्या आठवड्यात त्यांनी मेहुण्यांना एका अनोळखी माणसाशी बोलताना पाहिलं होतं, तो कोण होता? नंतर मेहुण्यांनी विषय का बदलला? एवढ्यात सगळं जुळायलाही लागलं होतं.

गल्लीच्या टोकाला मोकळा भूखंड होता. मेहुणे तिथे उकिडवे बसले होते. नव्या इमारतीमुळे गच्चीवरचं ऊन चारलाच सरकायचं, म्हणून त्यांनी ही जागा शोधली होती. बटण गवतात मान ताणून एक पान ओढत होतं. ते पान काही तुटत नव्हतं आणि ते काही सोडत नव्हतं.

घड्याळजी धापा टाकत जवळ आले. मेहुण्यांनी वर पाहिलं आणि ते प्रश्नाची वाट बघत थांबले.

प्रश्न जिभेवर होता. घड्याळजींनी तो गिळला, रुमालाने मान पुसली आणि शेजारी गवतावर बसले.

"काय काय खाल्लं आज यानं?" त्यांनी विचारलं.