मला सरळ उभं करू नका

मी प्रार्थनाकीटक बोलतोय. नाकतोडा म्हणणार असाल तर इथेच थांबा. आजवर मी कुणाचंही नाक तोडलेलं नाही. प्रार्थनाही करत नाही. पुढचे दोन पाय छातीशी दुमडून मी भक्ष्यावर टपून बसतो, आणि माणसं म्हणतात, किती भाविक! शहानिशा न करता नाव ठेवायची तुमची खोड जुनीच.

त्या दोनातला उजवा पाय घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या शटरखाली गेला. तेव्हा मी लहान होतो. दुकानाच्या बाईंनी मला उचललं, बरणीत काटकी उभी केली, बरणीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधलं. एका पायाने माशी धरता येईना. मग घड्याळातली चाकं उचलायच्या चिमट्यानेच त्या मला भरवू लागल्या.

"नवऱ्याला चहा विचारायला सवड नाही, आणि या थोट्याला घास भरवतेय!" त्यांचे म्हातारे यजमान कुरकुरत.

"थोटा नाही, पहिलवान म्हणा. आणि चहा गाळून ठेवलाय, तो काय चिमट्याने पाजू?"

वाढताना आम्ही कात टाकतो, आणि प्रत्येक कातीबरोबर तुटलेला पाय थोडा थोडा परत येतो. माझा कोंब फुटला होता. आता शेवटची कात उरली होती. त्यानंतर काही फुटत नाही. बाई भिंग लावून कोंब बघत. हळूहळू यजमानही डोकावू लागले. मागे कुणी नाही असं पाहून एकदा म्हणाले, "काय रे पहिलवान, जेवलास का?"

अखेर मी जाळीला उलटा लटकलो. कात तशीच निघते. स्वतःच्या वजनाने नवं अंग खाली सुटत जातं. बाई सुटे भाग आणायला बाजारात गेल्या होत्या. मी अर्धा बाहेर आलो होतो, नवे पाय ओल्या दोऱ्यासारखे मऊ. तेवढ्यात यजमानांनी पाहिलं.

"अरे अरे, डोक्यावर आपटशील बाळा!"

त्यांनी मला अलगद सोडवलं आणि तळाशी सरळ उभं केलं. उभं! पाय अंगाखाली दुमडले आणि तसेच वाळले. उजवा पुढचा पाय आलाय, जरा आखूड, पण काट्यांसकट. मागचे चारही मात्र वाकडे. मला उठता येत नाही.

बाई परतल्या. यजमान दारातच म्हणाले, "पडत होता गं, मी वेळेवर धरला."

बाईंनी बरणीत पाहिलं. भिंग लावून वाकडे पाय पाहिले. मग म्हणाल्या, "बरं झालं, तुम्ही होतात."

आता चिमटा यजमानांच्या हातात असतो. नेम चुकतो, माशी माझ्या डोळ्यावर आपटते. मला खाववत नाही. पाण्याचा थेंब तेवढा घेतो. "खा रे," ते म्हणतात, "उद्या उभा राहशील."

न विचारता मदतीला धावणाऱ्या तुम्हा सगळ्यांवर माझा राग आहे. आधी बघा, समजून घ्या, मगच हात लावा. हे जगभर ओरडून सांगा. फक्त या एका म्हाताऱ्याच्या कानावर जाऊ देऊ नका.