गुडघे टेकणारा ट्रक

अर्सेनियोने सासऱ्याला आयुष्यात एकदाच उचललं, आणि ते एकदाचं उचलणं त्याला चांगलंच महागात पडलं.

तीन वर्षांपूर्वी ईस्टरच्या दिवशी प्रार्थना संपली, चर्चच्या आवारातून सगळं गाव घरी निघालं आणि सासऱ्याचा, म्हणजे डॉन फिदेन्सिओंचा, पाय अर्सेनियोच्या पिकअप ट्रकच्या पायरीवर काही केल्या चढेना. मागे गाड्यांची रांग लागली. अर्सेनियो म्हणजे शाळेची बस चालवणारा माणूस, खोळंबा त्याला बघवत नाही. त्याने म्हाताऱ्याच्या काखेत हात घातले आणि मिरचीचं पोतं ठेवावं तसं त्यांना सीटवर ठेवलं. घरी दारात उतरल्यावर म्हातारा म्हणाला, "आता मी गाडीत बसणार ते मेल्यावर. तेव्हा उचला हवं तेवढं, माझा इलाज नसेल."

तेव्हापासून पंचक्रोशीत जिथे काठी टेकत जाता येईल तिथेच त्यांचं जाणं. लेकीची, म्हणजे लिओनोरची, छोटी कार होती, पण ती इतकी बुटकी की एकदा आत बसलं की बाहेर ओढायला दोन माणसं लागायची. ट्रक उंच, कार बुटकी आणि मध्ये ब्याऐंशी वर्षांचे गुडघे.

आणि गावाचा पाट जिथून सुरू होतो ती जागा घरापासून तीन मैलांवर. याच पाटाचे डॉन फिदेन्सिओ एकतीस वर्षं पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, कुणी किती गाळ उपसायचा, सगळं त्यांच्या शब्दावर. मार्चमधल्या एका शनिवारी अख्खं गाव फावडी घेऊन पाट साफ करायला जमतं. गेली दोन वर्षं त्या दिवशी म्हातारा फाटकाशी उभा राहून खांद्यावरची फावडी मोजायचा आणि मग संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. हे अर्सेनियोने पाहिलं होतं, आणि ते त्याला फार लागलं होतं.

म्हणून या फेब्रुवारीत त्याने ट्रक गॅरेजमध्ये घेतला आणि चारी बाजूंनी लोखंडी घोड्यांवर चढवला. मागचे स्प्रिंगचे पाटे काढले, पुढच्या स्प्रिंगा काढल्या आणि त्यांच्या जागी जाड रबराच्या हवेच्या पिशव्या बसवल्या. चाकांचा आस जागेवर राहावा म्हणून चार दांड्या वेल्ड केल्या, मागे हौद्याखाली हवेची टाकी आणि पंप, तिथून चार चाकांकडे बोटाएवढे काळे पाइप, आणि डावीकडच्या स्टिअरिंगजवळ बटणं. एक बटण दाबलं की ट्रक उठणार, दुसरं दाबलं की जमिनीपासून वीतभर उंचीवर येऊन बसणार.

"एकोणपन्नासाव्या वर्षी पोरांचं खूळ?" लिओनोर म्हणाली. त्यांच्या एस्पान्योलाच्या खोऱ्यात पोरं रविवारी असल्याच जमिनीलगत लोळत्या गाड्या गोगलगायीच्या चालीने फिरवतात. "बाकीच्यांचे नवरे या वयात केस रंगवतात. माझा ट्रकला लोळवतोय. त्यातल्या त्यात स्वस्तात सुटले मी."

"चाल मऊ होते गं," अर्सेनियो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन गॅरेजच्या दारात येऊन बसला, आणि मग रोजच बसायला लागला.

"जावईबापू, पाय कापलेत का त्याचे?"

"पाय नाही पापा, पाटे काढले. आता हवेवर चालेल."

"हवेवर. म्हणजे तुझ्यासारखाच."

अर्सेनियो ट्रकखालीच हसला.

"पण खाली कशाला बसवायचा त्याला?"

"गवताचे भारे चढवायला सोपं जातं."

"आपल्याकडे गवत कुठाय?"

"आणलं एखादे वेळी तर."

"आधी गाय आण, मग गवत आण, मग ट्रक. तू शेपटाकडून निघालायस." म्हाताऱ्याने कॉफीचा घोट घेतला. "आणि गुडघे टेकायला शिकलाच तर त्याला पाद्र्यांकडे ने. निदान घरातलं कुणीतरी नेमाने चर्चला जाईल."

ट्रक कुणासाठी गुडघे टेकणार हे म्हाताऱ्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं, आणि कळलंय हे अर्सेनियोलाही ठाऊक होतं. पण दोघंही एकमेकांना तसं दाखवत नव्हते. लिओनोरला हे नाटक असह्य झालं.

"सांगून का टाकत नाहीस त्यांना?"

"सांगितलं तर बसतील?"

"नाही."

"मग झालं तर."

शुक्रवारी शेवटचा पाइप राहिला, उजव्या बाजूच्या मागच्या पिशवीचा. धारदार कात्री हाताशी सापडेना, म्हणून अर्सेनियोने पकडीनेच तो तोडला.

"तिरका कापलास," खुर्चीतून आवाज आला.

"चालतं."

"पाण्याचा असता तर गळला असता. हवा काय, पाण्याचीच धाकटी बहीण."

"पापा, सहा आठवडे झाले. एक दिवस गप्प बसाल का?"

म्हातारा उठला, खुर्ची उचलली आणि काठी टेकत घरात गेला. अर्सेनियोचं मन उडालं. बाकी प्रत्येक जोडावर त्याने साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं होतं. हा जोड तसाच राहिला.

पाट साफ करायच्या शनिवारी सकाळी त्याने ट्रक दारापाशी आणला आणि बटण दाबलं. ट्रक फुसफुसत खाली आला आणि सीट बरोब्बर म्हाताऱ्याच्या कमरेशी थांबली. अर्सेनियोने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो आपल्या बाजूचा आरसा पुसायला लागला.

डॉन फिदेन्सिओ टोपी घालून बाहेर आले. "गवत आणायला का?"

"हो. पाटाच्या रस्त्याने."

"मग मला तिथे सोड. वाटेतच आहे."

म्हाताऱ्याने ट्रककडे पाठ केली, सीटवर टेकला, आणि एकेक पाय हाताने धरून आत घेतला. याला चांगली दोन मिनिटं लागली. अर्सेनियो दोन मिनिटं आरसा पुसत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत लिओनोरने मोठ्याने नाक शिंकरलं.

पाटाच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत सगळं सुरळीत होतं. तिथे तीसेक माणसं फावडी घेऊन उभी होती. अर्सेनियोने ट्रक बांधाच्या कडेला घेतला, आणि उजवं मागचं चाक हळूहळू पोटात शिरायला लागलं. त्याने पंप चालू केला. पंप कण्हत राहिला, ट्रक कलतच गेला. शेवटी तो म्हाताऱ्याच्या बाजूने बांधावर असा रेलला की त्याचं दार उघडेना.

माणसं हसत जवळ आली. सगळ्यांत पुढे बेनिग्नो, आताचा पाटकरी, चाळिशीचा धिप्पाड गडी. "काय अर्सेनियो, झोप आली का ट्रकला?" मग आत म्हाताऱ्याला बघून त्याने फावडं टाकलं. "अरे, डॉन फिदेन्सिओ. थांबा, या बाजूने तुम्हाला ओढून काढतो. चला रे चौघं."

"कुणी हात लावायचा नाही त्यांना," अर्सेनियो म्हणाला. आवाज इतका चढला की त्याचा तोच दचकला. त्याचे कान लाल झाले होते. अख्ख्या गावासमोर पोत्यासारखं काढायचं, तेही पुन्हा, आणि तेही त्याच्याच तिरक्या पाइपामुळे.

म्हाताऱ्याने सावकाश काच खाली केली.

"झोपबिप काही नाही," तो बेनिग्नोला म्हणाला. "मीच सांगितलं याला, बांधाला टेकव म्हणून. इथून गाळ नीट दिसतो. वरच्या वळणावर तुम्ही गेल्या साली वरवरची माती खरवडून घरी गेलात ना? मला फाटकातूनही कळतं, पाणी आलं की. दहा जण तिकडे जा. उभे काय राहिलात?"

बेनिग्नोने टाकलेलं फावडं उचललं. दहा जण वळणाकडे निघाले. एकतीस वर्षांची सवय होती, ती पायांना लगेच आठवली.

माणसं पांगल्यावर म्हाताऱ्याने खिशातला चाकू काढून अर्सेनियोच्या हातात ठेवला.

"सरळ काप," तो हळूच म्हणाला.

अर्सेनियो ट्रकखाली शिरला. पाइपाचं तिरकं टोक कापून त्याने नवं टोक जोडात दाबून बसवलं. खाली ओली माती होती, आणि तो नाक ओढत होता ते काही सर्दीमुळे नव्हे. बाहेर येऊन त्याने पंप लावला. ट्रक उठला, बांधापासून सुटला. त्याने तो जरा पुढे सपाटीवर घेतला आणि पुन्हा खाली बसवला.

आरसा आता स्वच्छ होता, म्हणून अर्सेनियो पुढच्या काचेशी जाऊन ती पुसायला लागला. दार उघडल्याचा आवाज आला. काठी टेकली. एक पाय. बराच वेळ. दुसरा पाय. डॉन फिदेन्सिओ आपल्या पायांवर पाटाच्या काठाशी उभे राहिले आणि कोरड्या पाटात वाकून गाळ उपसणाऱ्या माणसांची रांग बघत राहिले.

पलीकडे जायला पाटावर एक फळी टाकलेली होती. म्हातारा तिच्यापाशी गेला आणि थांबला. अर्सेनियो चार पावलं मागे, हात खिशात घट्ट कोंबून.

"जावईबापू," म्हातारा मागे न बघता म्हणाला, "हात दे."

अर्सेनियोने हात दिला. म्हाताऱ्याने तो मनगटापाशी पकडला, पक्का, सगळा भार टाकून, आणि दोघं फळीवर चढले. पाटातली माणसं फावडी थांबवून बघायला लागली. कुणी हसलं नाही, पण म्हाताऱ्याने जोखीम घेतली नाही.

"बघता काय?" तो ओरडला. "याला फळीवर चालायची सवय नाही. धरलंय मी."

अर्सेनियोने मान खाली घातली आणि सवय नसलेल्या माणसासारखं एकेक पाऊल टाकायला सुरुवात केली.