एकाला तीन

मित्रांनो, मी एक जुनं बेसबॉल कार्ड आहे. जुनं म्हणा, खुशाल म्हणा. पण 'खराब' म्हणाल तर माझ्याशी गाठ आहे! परवा एका दुकानदाराने मला तेच म्हटलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

माझा जन्म १९७७ सालचा. छापखान्यातून निघालो तो थेट च्युइंगगमच्या पाकिटात जाऊन बसलो. माझ्यावर वॉल्टर हेन्सचं चित्र आहे. वॉल्टर म्हणजे ओहायोच्या रिव्हर हॉक्स संघाचा लाडका फलंदाज. हँक नावाच्या एका अँब्युलन्स ड्रायव्हरने मला डॉक्टर बाळ देवस्थळींना भेट दिलं. डॉक्टर तेव्हा नागपूरहून ओहायोला नवेच आले होते. हॉस्पिटलात कामाखेरीज त्यांच्याशी कोणी दोन शब्द बोलत नसे. हँकने मात्र कँटीनच्या टेबलावर मिठाच्या डब्या मांडून त्यांना हा खेळ शिकवला.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात रिव्हर हॉक्सनी वॉल्टरला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं आणि बदल्यात तीन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, घेतले. याला इथे 'ट्रेड' म्हणतात. जिवंत माणसाची अदलाबदल, आणि त्या माणसाला कोणी साधं विचारलंही नाही! बिचाऱ्याने ती बातमी गाडीतल्या रेडिओवर ऐकली. एकाला तीन मिळाले म्हणून मालक खूश. पुढे काय झालं? पहिल्याचा खांदा गेला. दुसऱ्याला घरची आठवण छळायची, तो अर्ध्या हंगामातच गावी परतला. तिसऱ्याच्या चेंडूंवर तर तुम्हीसुद्धा धावा काढल्या असत्या. वॉल्टरने मात्र नव्या संघाकडून अकरा वर्षं मैदान गाजवलं. डॉक्टर आणि हँक कितीतरी दिवस जेवताना त्या मालकाचा उद्धार करत होते.

हँकची दुसऱ्या गावी बदली झाली तेव्हा डॉक्टरांनी मला हॉस्पिटलच्या ऑफिसात नेलं. तिथे ओळखपत्रं बनवायचं यंत्र होतं. त्यातून त्यांनी मला लॅमिनेट करून घेतलं. आमच्या माणसांची रीतच ती! पदवीचं प्रमाणपत्र, लग्नाची पत्रिका, टीव्हीचा रिमोट, जे जपायचं त्यावर प्लॅस्टिक चढवायचं. यंत्रात अंग भाजलं, पण मी तक्रार केली नाही. ते प्रेम होतं, हे मला कळत होतं.

आता डॉक्टर निवृत्त झाले आहेत आणि लेकाकडे अमेरिकेतल्याच डब्लिन गावी राहतात. यंदा त्यांनी मला दहा वर्षांच्या नातीला, ऋताला, वाढदिवसाला दिलं. ती "थँक्यू, आबा" म्हणाली आणि मला खणात टाकून मोकळी झाली. पुढे महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला तिने मला देवांग नावाच्या मुलाला देऊन टाकलं आणि बदल्यात तीन चकचकीत कार्डं घेतली. पुन्हा एकाला तीन! मला इतका संताप आला म्हणून सांगू!

देवांगचे बाबा सुशांत मला मोठ्या आशेने कार्डांच्या दुकानात घेऊन गेले. तिथेच तो दुकानदार भेटला. लॅमिनेट केलेल्या कार्डाला काडीची किंमत नसते म्हणे! रविवारी सुशांत देवांगला घेऊन तणतणत ऋताच्या घरी आले. दार आबांनीच उघडलं.

"काका, हे कार्ड डॅमेज्ड आहे. मुलांनी ट्रेड केला होता, तो आपण कॅन्सल करू. यार, असलं प्लॅस्टिक लावतं कोण?"

"मी लावलं," आबा म्हणाले.

सुशांतचा चेहरा पडला. पण मी आबांकडे पाहत होतो. मी घरातून गेलो होतो, हे त्यांना त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हतं. त्यांचा हात माझ्याकडे आला आणि अर्ध्यातून मागे गेला.

"हेच कार्ड महाग निघालं असतं, तर आणून दिलं असतंस का, सुशांत? ट्रेड झाला तो झाला. घेऊन जा."

मी मनातल्या मनात ओरडलो, अहो आबा, तत्त्व राहू द्या, आधी मला घ्या! पण कार्डाचं कोण ऐकतं?

ऋता जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती. "आबा, आय थॉट थ्री इज मोअर," ती पुटपुटली.

"रिव्हर हॉक्सलाही तसंच वाटलं होतं, बाळा."

ती धावत वर गेली आणि परत आली. तिने ती तीन कार्डं आणि तिचं स्वतःचं सगळ्यात आवडतं कार्ड देवांगपुढे धरलं. "कॅन्सल नाही. न्यू ट्रेड. फोर फॉर वन. प्लीज?" देवांगने बाबांकडे पाहिलंच नाही. त्याने मला तिच्या हातात ठेवलं.

तिने मला आबांना द्यायला पुढे केलं. ते म्हणाले, "तुझंच आहे ते." मग ती त्यांच्याजवळ सोफ्यावर बसली, मला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "आबा, हे तुला कोणी दिलं?"

आबांनी चष्मा काढून पुसला आणि ते सांगायला लागले. मध्येच हसत होते, मध्येच थांबत होते. मी सारं स्वतः पाहिलेलं, तरी कान देऊन ऐकत होतो.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू अदलाबदलीत देण्याआधी हा एवढा प्रश्न विचारा हो! उत्तर ऐकायला फार तर अर्धा तास लागतो. आबांना मात्र ते ऐकणारं घरात कोणी भेटायला आयुष्य लागलं.