चांदणीच्या जागी दहा

माझ्या भावाच्या शाळेचं पान मी फोनवर इतक्यांदा उघडलंय की डोळे मिटून सांगेन. सरकारी स्पेशल शाळा. इथे अमेरिकेत, आमच्या लॉरेन्स शहरातल्या बाकीच्या शाळांना जी पोरं झेपली नाहीत, ती सगळी तिथे. पानावर वरती एक गोल आहे, केक कापल्यासारखा. भलामोठा लाल तुकडा म्हणजे आम्ही, दोमिनिकन आणि बाकीचे स्पॅनिश बोलणारे. त्याच्या शेजारी निळा तुकडा, गोरे. आणि मधे केसाएवढी हिरवी रेघ: आशियाई. ती रेघ म्हणजे सोवान, कंबोडियाचा. एकटाच आहे तो. कोणाच्या हातात फोन दिसला की रेघेवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "मी." त्याच्या आजूबाजूला हे सगळ्यांना पाठ झालंय.

खाली मार्कांचा रकाना आहे. तिथे आकडाच नव्हता, चांदणी होती. नियमच तसा. परीक्षेला दहापेक्षा कमी पोरं बसली तर आकडा झाकायचा, नाहीतर कोणाला किती पडले ते लोक ओळखणार. गेल्या वर्षी नऊ बसली.

या चांदणीवरून शाळा बंद करायला निघाले होते. शहराच्या शाळा समितीत गान्यों नावाचा एक माणूस आहे, कायम पेनाचं टोपण चावत असतो. तो भर सभेत म्हणाला, "ज्या शाळेला दाखवायला आकडा नाही, ती आपण चालवतोय कशासाठी?" शाळा बंद झाली की विल्किनला हायवेनं तासभर लांबच्या शाळेत धाडणार. विल्किन पंधरा वर्षांचा आहे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि अंगानं माझ्या दुप्पट. बोलत नाही. अनोळखी रस्त्यानं एवढा वेळ नेला तर खिडकीवर डोकं आपटून घेतो. एकदा टाके पडलेत.

यंदा पोरं बरोब्बर दहा होती. नऊ जणांचं झालं. दहावा विल्किन, आणि ऐन परीक्षेत त्याला ताप. राहिलेल्यांसाठी एकच दिवस ठेवला होता, शुक्रवार.

शुक्रवारी मामी, म्हणजे आमची आई, पहाटेच कामाला गेली. मी शाळा कधीच सोडलीय, पिझ्झाच्या दुकानात संध्याकाळची पाळी करते, म्हणून सकाळचा विल्किन माझा. त्याला मांगू, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, आणि सलामी सॉसेजचे तळलेले काप चारले, जॅकेट घातलं, खाली आणलं. शाळेची गाडी आली तर स्टिअरिंगवर रोजचा ड्रायव्हर फाउस्तो नाही, कोणीतरी कानात वायरी घातलेला पोरगा. फाउस्तो रोज आधी खाली उतरून विल्किनला टाळी देतो, मग विल्किन चढतो. विल्किननं त्या पोराकडे पाहिलं आणि पायरीवर बसकण मारली.

"चढतोय का तो?" पोरानं विचारलं.

"तुला दिसतोय चढताना?"

"मला अजून चार जण घ्यायचेत."

"मग घे ना. इथे काय माझं थोबाड बघतोस?"

गाडी गेली. मी विल्किनच्या वर्गाच्या मिस तिबोदोंना फोन लावला.

"यूदेल्का, जेवणाच्या सुट्टीआधी आण गं त्याला," मिस म्हणाल्या. "मग सिस्टीम बंद होते."

"आणते."

"कशी?"

"चालत."

विल्किनबरोबर चालणं म्हणजे काय ते त्यांना माहितीये. रस्त्याकडेला बंबवाल्यांचे लाल नळ असतात ना, त्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर तो हाताचा पंजा दोनदा मारतो. एक जरी चुकला तरी उलटा घरी येतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. कुठल्या नळाशी कुत्रा बांधलेला असला तर कुत्र्यालाही चुकवत नाही.

निघालो. थाप थाप, पुढे. थाप थाप, पुढे. त्या दिवशी तो जोरात होता, मला मागे धावावं लागत होतं. न्हाव्याच्या दुकानातून रादामेस ओरडला, "अगं यूदे, शाळेत चाललीस? आता जगबुडी होणार."

"तू गिऱ्हाइकाकडे बघ. कान हातात येईल त्याचा."

पुलाच्या तोंडाशी आलो. समोर खड्डा होता. फूटपाथ खणलेला, नारंगी जाळी लावलेली, आणि नळ गायब. विल्किननं जिथे नळ असायचा तिथे हवेत हात धरला. थांबला. मग त्याच्या गळ्यातून तो आवाज यायला लागला, फ्रिज घुमतो तसा.

"चल," मी म्हटलं. "पुलापलीकडे आहे दुसरा." बाही ओढली. "चल ना रे, मूर्खा, सगळे वाट बघतायत." नाही. माझा आवाज चढला तसा त्याचाही चढला. आणि मग तो घराच्या दिशेनं वळला.

मी जाळी ओलांडून आत घुसले. खड्ड्याशी एक जाडा मुकादम कॉफी पीत होता.

"नळ कुठाय?"

"काय नळ?"

"इथला. लाल. काल होता."

"गळत होता, काढला. ट्रकमध्ये पडलाय. तू आधी बाहेर हो, पाय मोडेल."

"माझ्या भावाला त्याला हात लावू दे."

"कशाला?"

"नाहीतर शाळा बंद होईल."

त्यानं मला वेडी समजून वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग विल्किनकडे पाहिलं, आता तो कोपऱ्यापर्यंत पोचला होता. "माझ्या बहिणीचा मुलगा लिफ्टची बटणं दाबतो," तो म्हणाला. "सगळ्या मजल्यांची. बाराव्यावर राहतात." कॉफी ठेवून त्यानं ट्रकचं मागचं फळकूट पाडलं. "बोलव त्याला. आणि ही टोपी घाल त्याच्या डोक्यात, मला बोलणी बसतील."

नळ चिखलानं भरलेला, आडवा पडला होता. मी शीळ घातली. विल्किननं वळून पाहिलं, आणि धावतच आला. पिवळं हेल्मेट घालून त्यानं थाप मारली, पुन्हा थाप मारली, आणि हसला. मुकादमही हसला. हेल्मेट परत द्यायचं राहिलं, कारण विल्किन तोवर पुलावर होता आणि मी त्याच्या मागे.

शाळेच्या दारात मिस तिबोदो स्वेटर न घालताच उभ्या होत्या. काचेला नाक लावून सोवान. आम्हाला बघून तो "दहा! दहा!" ओरडत आत पळाला.

मला वर्गात जाऊ देईनात. परीक्षेत मिस गोष्ट वाचतात, तीन चित्रं ठेवतात, पोरानं एकावर बोट ठेवायचं. सुरुवातीच्या प्रश्नांना पोरगा नुसताच बसून राहिला तर पेपर तिथेच बंद, तो बसलाच नाही असं धरतात. मी बाहेर बालवाडीच्या एवढ्याशा खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसले. दाराच्या काचेला कागद चिकटवलेला. आत मिसचा आवाज, मग काहीच नाही. पुन्हा मिसचा आवाज. काहीच नाही. मी नखं खाऊन संपवली.

मग टेबलावर: थाप थाप.

थोड्या वेळानं पुन्हा: थाप थाप. मी अशी उठले की खुर्ची माझ्या मागेच चिकटून आली.

निकाल शरद ऋतूत लागला. घरी पत्र आलं: विल्किन नापास. मामीनं ते फ्रिजवर लावलं, का ते विचारलं तर म्हणाली, "बसला तर होता." त्याच संध्याकाळी समितीची सभा होती. पडद्यावर शाळेचं पान लावलं. चांदणी नव्हती. तिथे लिहिलं होतं, पास दहा टक्के.

गान्योंनं टोपण तोंडातून काढलं. "दहा टक्के. म्हणजे दहातला एक."

मामीनं माझं जॅकेट धरलं. "बस खाली. तोंड उघडू नकोस."

मी उघडलं. "तुम्हीच म्हणालात ना आकडा नाही म्हणून? हा घ्या. नऊच बसले असते तर तो एकसुद्धा तुम्हाला दिसला नसता. पास झालाच नाही असं वाटलं असतं तुम्हाला."

"बाई, तुमचं नाव माईकवर—"

"यूदेल्का. माझा भाऊ नापास झालाय. तो दहावा होता."

मागे कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. वळून बघते तर सोवानची आई, रडत रडत वाजवत होती, तिच्या मांडीवर तिच्या घरी आलेलं पत्र. कोण पास झालं ते कोणी बोललं नाही, बोलायला बंदीच आहे. पण सगळा हॉल उठला. मतदान झालं आणि शाळा राहिली. गान्योंनंसुद्धा हात वर केला, टोपण तोंडात धरूनच.

बाहेर आल्यावर सोवाननं माझा फोन ओढून घेतला. हिरव्या रेघेवर बोट ठेवलं, "मी." मग खाली सरकला, दहावर बोट ठेवलं. "मी."

विल्किन दोघांच्या मधून वाकला, डोक्यावर तेच पिवळं हेल्मेट. एक बोट पुढे करून त्यानं त्या दहावर टकटक केलं, दोनदा. दहा एवढा मोठा झाला की फोनभर तेवढंच उरलं.