सरकीच्या मडक्यावरचा अंगठा

नलूचा नवरा पंजाबराव दरसाली घरची सरकी बियाण्यासाठी मडक्यात भरायचा, तोंड ओल्या मातीनं लिंपायचा आणि वर आपला अंगठा दाबायचा. "नलू, आता उंदरालेही माह्यी सही पुसूनच आत जा लागन," म्हणायचा. मग पाकिटातलं बियाणं आलं, मागोमाग कापसाचं मातेरं झालं, आणि तो कामाला म्हणून सुरतेला गेला. सहा वर्षं झाली. आधी फोन यायचे. मग तेही थांबले. नलूपाशी उरलं होतं शेवटच्या मडक्यावरचं मातीचं झाकण. हात लावला की भुरभुरायचं, न लावावं तर जीव राहत नव्हता.

फडक्यात बांधून ती ते दारव्ह्याला संघदीपच्या झेरॉक्सच्या दुकानात घेऊन आली.

"पार मोडून जायच्या आधी एवढा अंगठा टिपून दे, बाप्पा. फोटोवाल्यानं काढलता, पण त्यात नुसता डाग दिसते."

"थांबा काकू. सपाट मशीनले दोनदा दाखवलं का तिलेही खोली समजते."

त्यानं झाकण पारदर्शक प्लास्टिकवर पालथं घातलं, स्कॅनरच्या काचेवर अलगद मांडलं, वर काळं कापड टाकलं. उजेडाची पट्टी खालून सरकत गेली. मग प्लास्टिक बोटभर बाजूला ओढून पुन्हा एकदा.

"एक फोटो डाव्या डोळ्याचा, एक उजव्या." कॉम्प्युटरवर त्यानं एक लाल केला, एक निळा, आणि एकावर एक ठेवले. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला लाल-निळा जिलेटीन कागद चिकटवलेला चष्मा तिच्या हाती दिला.

नलूनं तो लावला आणि दचकली. खड्डा नव्हताच. पडद्यातून अख्खा अंगठा वर आला होता; फुगीर, रेघारेघांचा, मधोमध विळ्याचा जुना वण.

"अवो!" तिच्या तोंडून निघालं. हात पुढं गेला, आणि बोटं काचेवर आपटली.

"उलटा लावला तुमी चष्मा, काकू! म्हणून खोल ते वर आलं." संघदीपनं चष्मा फिरवून दिला.

आता ठसा होता तसा दिसला. खोल, नेमका, रिकामा. नलू बराच वेळ बघत राहिली.

"हा खड्डा त मी रोजच पाह्यतो घरी," ती म्हणाली आणि चष्मा पुन्हा उलटा केला.

संघदीपनं कागदावर रंगीत छाप काढली, चष्मा मागून घेतला, स्केचपेन उघडला.

"चष्म्यावर खूण करून देतो. कोणत्या बाजूनं करू, काकू?"

"ज्या बाजूनं ते येतात, त्या बाजूनं कर."